आण्णांची खराब वाक्यं

"ताई, आधी बसा," अभिनंदन चौगुले म्हणाला, आणि स्वतःच खुर्चीत बसला. लॅबमध्ये खुर्ची एकच होती, त्यामुळे मी उभी राहिले.

"काय झालंय?"

"तुम्हाला सर्व्हरमधलं कळतं, म्हणून तुम्हालाच फोन केला. काकूंना काही सांगू नका. काकांना तर अजिबातच नको."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुपारची वेळ, बाहेर कॉलेजची पोरं कॅन्टीनकडे निघाली होती, आणि हा पंख्याखाली बसून घामाघूम झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात आण्णांना ॲडमिट करून मी तशीच सांगलीला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं.

"अभिनंदन, बोल की रे बाबा."

"काकांची वाक्यं गेली," तो म्हणाला.

काका म्हणजे माझे वडील, आमचे आण्णा, तातोबा खोत. आमच्या भागात कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलणारा माणूस म्हणून त्यांना शेंबडं पोरगंसुद्धा ओळखायचं. दोन पैलवान लांघ कसून आखाड्यात उतरले की त्यांचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या वर्षी कुणाला कुठल्या डावावर आस्मान दाखवलं, हे सगळं आण्णा एका दमात सांगायचे, तेही कागद न बघता. त्यांचा आवाज पहाडी होता. ते माईक नुसता रिवाज म्हणून हातात धरतात, असं लोक म्हणायचे.

त्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, नाहीतर गाठ पसरेल आणि मग काही हातात राहणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आण्णा म्हणाले, "आवाज काढून घेतल्यावर मग ऱ्हायलं काय? तसाच जातो की मी." ते ऐकेनात. आई रडली, मी भांडले, भावकीतले चार शहाणे येऊन समजावून गेले. आण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

तेव्हा हा अभिनंदन आमच्या दारात आला. कॉलेजात आवाजावर संशोधन करत होता आणि लहानपणापासून मैदानं बघत आला होता. "काका, आवाज असेपर्यंत तुमची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू," तो म्हणाला. "नंतर तुम्ही टॅबवर लिहायचं, मशीन तुमच्याच आवाजात बोलेल." आण्णा उठून बसले. त्याला दोनदा तेच सांगायला लावलं आणि मग म्हणाले, "ठरलं. आवाज ऱ्हाणार आसंल तर कापू दे गळा. न्हाईतर सही करणार न्हाई."

तेवढ्या एका बोलीवर ते ऑपरेशनला तयार झाले होते. आणि ती वाक्यं गेली, असं अभिनंदन मला सांगत होता.

"गेली म्हणजे कुठं गेली?"

"पुसली गेली. मीच पुसली. पण मी ती पुसायला सांगितलीच नव्हती हो!" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बघा. खराब वाक्यं पुसायला गेलो, तर चांगली सगळी उडाली आणि खराब तेवढी सगळी जागच्या जागी आहेत. असं कसं होईल?"

खराब वाक्यांची भानगड सांगायला हवी. रेकॉर्डिंगसाठी आण्णा लॅबला यायचे तेव्हा आईही सोबत यायची. अभिनंदन तिला हात जोडून सांगायचा, "काकू, बाहेर बसा, आत जरासुद्धा आवाज चालत नाही." आई म्हणायची, "मी गप बसते की." आणि ती कधीच गप बसली नाही. बांगड्या वाजायच्या. आण्णा खोकले की ती पाण्याची बाटली उघडायची. वाक्य निम्म्यात असताना विचारायची, "अवो, दम लागला का?" मग आण्णा तिला काहीतरी उत्तर द्यायचे, अभिनंदन कपाळाला हात लावायचा, आणि तेच वाक्य पुन्हा घ्यावं लागायचं. बिघडलेला भाग तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. चांगलं वाक्य 'वाक्य१७' या फोल्डरात, बिघडलेलं 'वाक्य१७ खराब' मध्ये. आईच्या कृपेने जवळपास प्रत्येक वाक्याला एक खराब भाऊ होता.

"कुठली कमांड दिलीस ते दाखव," मी म्हणाले.

टर्मिनलवर ती अजून दिसत होती. तिच्याखाली एकच तक्रार ओळीमागून ओळ आली होती. 'खराब' नावाचं काही सापडलं नाही, पुन्हा 'खराब' नावाचं काही सापडलं नाही, अशी पानभर. मी वरची ओळ वाचली आणि मला सगळं कळलं. कळल्याचा आनंद काडीचाही झाला नाही.

"नावात जागा सोडलीस तू," मी म्हणाले.

"कुठं?"

"'वाक्य१७' आणि 'खराब' यांच्या मधे. फाइंडने तुला बरोबर खराब फोल्डरं शोधून दिली. ती नावं तू पुढे पोचवणाऱ्या एक्सार्ग्जकडे ढकललीस आणि त्याने ती पुसणाऱ्या कमांडला दिली. पण एक्सार्ग्जला मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटतं. एका नावाची त्याने दोन केली. पहिलं 'वाक्य१७', ते होतं, म्हणून पुसलं. दुसरं नुसतं 'खराब', ते नव्हतं, म्हणून तक्रार केली. प्रत्येक वाक्याला हेच झालं."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. "मला माहीत आहे हे," तो हळूच म्हणाला. "मी पोरांना शिकवतो हे. नावांच्या मधे जागेऐवजी शून्याची खूण घालायची, घेणाऱ्या कमांडला त्या खुणेवरच नाव तोडायला सांगायचं. मी नेहमी इंग्रजीत नावं देतो ताई, जागा सोडतच नाही, खालची रेघ घालतो. काकांचं काम मराठीतलं, म्हणून नावं मराठीत दिली. आणि मराठी लिहिताना शब्दांच्या मधे रेघ कोण घालतं?"

कुणीच नाही. मीही घातली नसती. त्याच्यावर ओरडायची मला फार इच्छा होती, पण तो इतका काकुळतीला आला होता की ओरडून काही उपयोग नव्हता.

"दुसरी कॉपी?"

"दुपारी आपोआप होते. झाली."

म्हणजे मूळ जागेवर जे नाही ते कॉपीतूनही पुसलं गेलं होतं. पुसलेलं परत काढायचे जे काही उपाय मला ठाऊक होते ते मी सगळे करून पाहिले. डिस्क नव्या जातीची होती, रिकामी झालेली जागा ती लगेच झाडून लख्ख करते. हाताला काहीही लागलं नाही. अभिनंदन मागे उभा राहून, "लागलं का? काही लागलं का?" असं विचारत होता. शेवटी मी त्याला गप बस म्हटलं.

पुन्हा रेकॉर्ड करायचा प्रश्नच नव्हता. मधल्या दिवसांत आण्णांचा आवाज बसत बसत आता नुसती घरघर उरली होती. पाणी मागायचं तरी ते हाताने खूण करायचे.

"दोन-तीन चांगली वाचलीत," अभिनंदन म्हणाला. "एक दिवस काकू तापामुळे आल्या नव्हत्या. त्या दिवशीच्या वाक्यांना खराब भाऊच नाही." मग माझी नजर चुकवत म्हणाला, "संध्याकाळी सही करण्याआधी काका आवाज ऐकणार आहेत ना? यातलं एक लावू. ऑपरेशन होऊ दे. मग सांगू."

"आणि नंतर? टॅब हातात घेऊन ते बसतील तेव्हा?"

"तेव्हा ते जिवंत तरी असतील," तो म्हणाला.

मी लॅपटॉपवर ती वाचलेली वाक्यं घेतली. खराब फोल्डरंही सगळी घेतली, कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. आम्ही त्याच्या मोटरसायकलवर मिरजेला निघालो.

वाटेत मला एकच भीती होती. खोटं बोलले तर आण्णा सही करतील आणि वाचतील, पण शुद्धीवर येऊन फसवणूक कळल्यावर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. खरं बोलले तर ते आजच गाडी बोलवायला सांगतील. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभराने मला विचारू नका. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांसमोर त्या तक्रारींच्या पानभर ओळी यायला लागल्या.

वॉर्डात आण्णा उशीला टेकून बसले होते. आई खाली चटईवर मोसंबं सोलत होती. आम्हाला बघून आण्णांनी कानाला हात लावला. ऐकव, असं त्यांचं म्हणणं होतं. सिस्टर संमतीचा कागद ठेवून गेली होती आणि त्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं.

मी वाचलेल्यांपैकी एक वाक्य लावलं.

"मला थोडं पाणी हवं आहे!" लॅपटॉपमधून आण्णा गरजले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. माईक समोर आला की आण्णांची छाती आपोआप फुगायची. पाणी मागतानासुद्धा ते हिंदकेसरी आखाड्यात उतरतोय अशा थाटात मागत होते. आण्णांचे डोळे चमकले. मान डोलवून त्यांनी पेन उचललं.

अभिनंदनने माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला. झालं, आता एवढी सही होऊ दे.

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. आण्णांनी एक बोट वर केलं. अजून एक, असं खुणावलं. मी दुसरं लावलं, तेही गरजलं. ते खूश झाले. मग घरघरत, तुटक तुटक, त्यांनी विचारलं, "ते... 'माला, कधी आलीस'... ते लाव."

ते वाक्य त्यांनी मुद्दाम घालायला लावलं होतं. पुण्याहून मी घरी आले की दारातच ते मला तसं विचारायचे. अभिनंदनच्या यादीत ते नव्हतं. माझ्यासाठी घेतलेलं ते एकमेव वाक्य, आणि ते पुसलं गेलं होतं.

मी स्क्रीनकडे बघत बसले.

"काय गं?" आई म्हणाली.

"काका, जरा मशीन..." अभिनंदनने सुरुवात केली.

"न्हाई आण्णा," मी म्हणाले. "ते गेलं. जवळजवळ सगळी गेली. चुकून पुसली. ही दोन-तीनच राहिलीत, आणि तेवढ्यावर मशीनला बोलता येणार नाही."

वॉर्डात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. कुणाचा तरी डबा उघडत होता. आण्णांनी पेन खाली ठेवलं, झाकण नीट लावून ठेवलं. मला रडू फुटलं. अभिनंदन खाटेच्या पायथ्याला वाकला आणि म्हणाला, "काका, चूक माझी आहे. काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पण ऑपरेशन करा." आण्णांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते आईकडे बघून हाताने खूण करत होते. पिशवी भर. घरी चल.

आई मोसंबं हातात घेऊन तशीच बसली होती. ती मला म्हणाली, "जवळजवळ म्हंजे? आणि काय ऱ्हायलंय त्यात?"

"बिघडलेली सगळी राहिलीत. तू मधे बोललीस ती."

"मग ती लाव की."

"काकू, त्यात नुसता गोंधळ आहे," अभिनंदन म्हणाला.

"लाव म्हणते न्हवं मी."

मी हाताला लागलं ते फोल्डर उघडलं. आधी आण्णांचा तोच पहाडी आवाज, "आज हवा फार..." मग खोकला. मग बांगड्या. मग आईचा आवाज, "अवो, च्या घ्या की घोटभर, घसा सुकलाय." आणि मग कुणीतरी हळू, अगदी कानाजवळ बोलल्यासारखं म्हणालं, "निम्मा तू घे आधी. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस. मला दिसत न्हाई व्हय?"

मी थांबले. हा आवाज कुणाचा ते मला क्षणभर कळलंच नाही.

मी दुसरं लावलं. त्यात आई म्हणत होती, "अक्षरं दिसत्यात का? चष्मा पुसून देऊ?" आणि तोच मऊ आवाज हसत म्हणत होता, "अक्षरं दिसत्यात गं. तू समोर बसलीस की ध्यान लागत न्हाई, तेचं काय करू?" पाठोपाठ अभिनंदनचा वैतागलेला सुस्कारा आणि आईचं, "पोरासमोर काय बोलताय, लाज न्हाई."

चटईवर बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. मी तिसरं लावलं, चौथं लावलं. प्रत्येकात आण्णा वाक्य गरजत सुरू करायचे, आई मधे तोंड घालायची, आणि ते माईक विसरून तिच्याशी बोलायचे. चाळीस वर्षांची मी त्यांची लेक. मला ते दारात मोठ्याने हाक मारायचे, माझ्या लग्नात त्यांचा आवाज मांडवभर घुमला, रागावले की गल्ली गोळा व्हायची. हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

आण्णा लॅपटॉपकडे टक लावून बघत होते. त्यांच्या मैदानांच्या कॅसेट घरात ट्रंकभर होत्या आणि त्यातली प्रत्येक आरोळी त्यांना पाठ होती. हे मात्र त्यांनाही नवीन होतं. त्यांनी छातीवर बोट ठेवून आईकडे बघितलं. घरघरत विचारलं, "ह्यो... मी हाय?"

"मग दुसरं कोण?" आई म्हणाली. "पोरं झोपली की असंच बोलताय तुम्ही. सगळा जन्म मी ह्योच आयकलाय."

आण्णा आईकडे वळले. मग मोठ्या कष्टाने, एकेक शब्द ओढून काढत, त्यांनी तिला विचारलं, "तुला... मैदानातला... नको?"

"मैदानातला मला कशाला?" आई एकदम चिडली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चिडली होती. "मी काय तिकीट काढून बसणार हाय व्हय तुमच्याम्होरं? गावाला काय आयकायचंय ते गाव बघंल. माझ्यासंगं रोज बोलणार कोण? ह्योच बोलणार न्हवं?" मग ती अभिनंदनकडे वळली. "हेच्यावर हुतंय का न्हाई, तेवढं सांग."

"मधे मधे तुमचाही आवाज आहे, काकू," तो म्हणाला. "तो वेगळा काढावा लागेल. वेळ लागेल. पण बोलणं भरपूर आहे. चांगल्या वाक्यांपेक्षा जास्तच आहे."

"मग काढ."

आण्णांनी पेन घेतलं, झाकण काढलं. पहिली सही वाकडी आली, म्हणून त्यांनी ती पुन्हा एकदा खाली, नीट केली. दोन सह्या कशाला, असं सिस्टर नंतर म्हणाली. तिला कुणी काही सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. अभिनंदनला तो आवाज तयार करायला हिवाळा उजाडला. टॅब घेऊन तो स्वतः गावी आला, तेव्हा मीही घरी होते. आण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला. आई स्वयंपाकघरात चुलीपुढे भाकरी थापत होती. तिकडून सोपा दिसत नव्हता. अभिनंदन म्हणाला, "काका, पहिलं वाक्य तुमचं. काहीही लिहा."

मला वाटलं, ते मला काहीतरी विचारतील. आण्णा एका बोटाने अक्षरं शोधत होते, चुकत होते, पुसत होते. अभिनंदन नखं खात होता. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

"अगं," सोप्यातून तो मऊ आवाज आला, "किती येळ वाकून बसलीस? कंबर दुखंल. उठ जरा."

"दोनच ऱ्हायल्यात, उठते," आई आतून म्हणाली. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आणखी दोन-तीन वेळा आला. मग थांबला.

पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.